आला, आले आणि ताराबाई

(मोठ्या गटासाठी. पालकांनी शक्य तर मुलांबरोबर बसून वाचावे.)

मित्रांनो, आजचा धडा व्याकरणाचा आहे, पण म्हणून लगेच पान उलटू नका. या धड्यात किल्ले आहेत, लढाया आहेत, कैदखाने आहेत, एकमेकांशी भांडणारी दोन राज्ये आहेत आणि एक तोतया आहे. तोतया म्हणजे दुसऱ्याचे नाव घेऊन आलेला नकली माणूस. बेलव्ह्यूच्या लायब्ररीतून तुम्ही जी जाडजूड पुस्तके घरी आणता त्यांत जे जे असते ते बहुतेक सगळे इथे सापडेल. फक्त ड्रॅगन नाही.

त्या पुस्तकांपासूनच सुरुवात करू. तुमच्यापैकी काही जणांनी मेगन व्हेलन टर्नर यांची पुस्तके वाचली आहेत. ज्यांनी वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सौनिस, एडिस आणि अटोलिया अशी तीन शेजारी राज्ये, आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावर डोळा. पहिले पुस्तक 'द थीफ' १९९६ साली निघाले आणि दुसरे, 'द क्वीन ऑफ अटोलिया', २००० साली. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच अटोलियाची राणी एडिसच्या चोराला पकडते आणि त्याचा हात तोडायला लावते. एखाद्या सोप्या पुस्तकात एवढ्यावर राणी 'दुष्ट' ठरली असती आणि शेवटच्या पानावर मेली असती. इथे तसे होत नाही. ही बाई राणी कशी झाली, तिच्या दरबारातले सरदार तिला गिळायला कसे टपलेले होते, हे हळूहळू कळत जाते आणि आपले मत डळमळू लागते. पुढचे सांगत नाही, नाही तर ज्यांचे वाचायचे राहिले आहे ते माझ्यावर रागावतील.

आता हीच गोष्ट मराठीत सांगून पाहा. पहिल्याच वाक्याला अडायला होते. 'राणीने चोराचा हात तोडायला लावला' म्हणायचे, की 'राणीसाहेबांनी चोराचा हात तोडायला लावला'? 'ती' म्हणायचे की 'त्या'? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. तिथे वाईट राणीलाही तोच शब्द आणि चांगल्या राणीलाही तोच. मराठी मात्र सांगणाऱ्याला गप्प बसू देत नाही. त्या माणसाबद्दल तुम्हाला काय वाटते ते क्रियापद आधीच बोलून टाकते.

याला व्याकरणात आदरार्थी बहुवचन म्हणतात. माणूस एकच असतो, पण आपण त्याच्याबद्दल अनेकवचनात बोलतो. 'शिपाई आला', पण 'महाराज आले'. 'दासी आली', पण 'राणीसाहेब आल्या'. इथे एक खड्डा आहे, तो ओलांडताना जपा. स्त्रीबद्दल आदराने बोलताना 'आल्या', 'गेल्या', 'म्हणाल्या' असेच म्हणायचे. 'राणीसाहेब आले' असे काही घराण्यांत म्हणतातही, पण तुम्ही सध्या 'आल्या'च म्हणा.

दुसरी गंमत अशी. भूतकाळात क्रियापदाला कर्म असले की आदर क्रियापदातून निघून प्रत्ययात जाऊन लपतो. 'ताराबाईने तह केला' आणि 'ताराबाईंनी तह केला', या दोन्ही वाक्यांत 'केला' तसाच राहिला. फरक झाला तो 'ने' आणि 'नी' एवढाच, आणि 'ई'वर एक टिंब. हे टिंब गाळले की मी लाल पेनाने गोल करते, आणि तुम्ही म्हणता की बाई उगीच बारकावे काढतात. आजचा सगळा धडा त्या टिंबावर आहे.

तुम्ही विचाराल, आदर मग चांगल्या माणसांना आणि एकवचन वाईटांना, असाच नियम आहे का? इतके सोपे नाही. घरातच बघा. 'बाबा आले', पण 'आई आली'. आई बाबांपेक्षा कमी चांगली म्हणून नव्हे. ती इतकी जवळची की तिला आदराची मांडामांड लागत नाही, असे आमच्या पिढीला सांगितले गेले. ते पूर्ण खरे आहे का, की त्यात जुन्या घरांतल्या मानपानाचाही भाग आहे, हे जेवताना आईबाबांना विचारा. वाद चांगला रंगेल. देवालाही आपण एकवचनीच हाक मारतो. विठ्ठल उभा आहे, गणपती आला. म्हणजे 'आला' हे रूप दोन टोकांना वापरतात: फार जवळच्या माणसाला, आणि ज्याला आपण मान देत नाही त्याला. कुठले टोक आहे ते गोष्टीवरून ओळखायचे.

महाभारतात याहून मजेशीर प्रकार आहे. आजी गोष्ट सांगते तेव्हा कृष्ण 'म्हणाला', अर्जुन 'म्हणाला', कर्ण 'म्हणाला' आणि दुर्योधनही 'म्हणाला'. नायक आणि खलनायक एकाच रांगेत. पण भीष्म 'म्हणाले' आणि द्रोणाचार्य 'म्हणाले'. हे दोघेही कौरवांच्या बाजूने लढले आणि द्रोणाचार्यांनी तर एकलव्याचा अंगठा मागून घेतला. 'एकलव्याने अंगठा दिला, द्रोणाचार्यांनी घेतला.' हे वाक्य मोठ्याने वाचा. अन्याय ज्याच्यावर झाला त्याला 'ने', ज्यांनी केला त्यांना 'नी'. वय आणि गुरुपद यांना मान देण्याची सवय आपल्या जिभेला आहे, आणि जीभ न्याय-अन्याय बघायला थांबत नाही.

आता खऱ्या दोन राज्यांकडे वळू.

तुम्हाला शिवाजी महाराजांची गोष्ट ठाऊक आहे. संभाजी महाराजांचा शेवटही ठाऊक आहे. १६८९ साली औरंगजेबाने त्यांना ठार केले. त्याच वर्षी रायगड पडला आणि संभाजी महाराजांची राणी येसूबाई आणि मुलगा शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू तेव्हा सात वर्षांचा होता. माझे वाक्य पुन्हा बघा: 'शाहू होता'. लहान मुलाला आपण एकवचनच वापरतो.

संभाजी महाराजांचे धाकटे सावत्र भाऊ राजाराम महाराज यांनी दक्षिणेत जिंजीला जाऊन लढाई चालू ठेवली. ते १७०० साली सिंहगडावर वारले. त्यांची राणी ताराबाई, सेनापती हंबीरराव मोहित्यांची मुलगी, तेव्हा फक्त पंचविशीची होती. तिने आपल्या लहान मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवले आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. समोर होता औरंगजेब, हिंदुस्थानातला सगळ्यांत बलाढ्य बादशहा. तो म्हातारा झालेला असूनही स्वतः छावणी घेऊन सह्याद्रीत फिरत होता. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ल्यामागून किल्ले त्याने घेतले. काही लढून घेतले, काही पैसे मोजून. त्याची पाठ वळली की मराठे ते परत घ्यायला लागत. सात वर्षे हे चालले. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. तोवर ताराबाईंनी राज्य टिकवले होते. त्यांच्या शत्रूच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान यानेसुद्धा त्यांच्या हुशारीची आणि कारभाराची तारीफ लिहून ठेवली आहे.

पाहिलेत? मघाशी मी 'तिने' लिहिले आणि आता 'त्यांनी'. सात वर्षांच्या लढाईत ताराबाईंनी तो मान माझ्याकडून मिळवला.

आणि इथे गोष्टीला वळण लागते. औरंगजेबानंतर त्याच्या मुलांत भांडणे लागली. त्यांतल्या आझमशहाने १७०७ च्या उन्हाळ्यात शाहूला सोडून दिले. आईला मात्र ओलीस ठेवून घेतले. येसूबाई पुढे १७१९ साली, म्हणजे एकंदर तीस वर्षांनी, घरी परतल्या. मोगलांचा हिशेब साधा होता: शाहू दक्षिणेत गेला की मराठ्यांत दोन तट पडतील. तसेच झाले.

सात वर्षांचा शाहू कैदेत गेला होता, पंचवीस वर्षांचे शाहू महाराज परत आले. पण हे एका छावणीतले वाक्य. दुसऱ्या छावणीत, ताराबाईंच्या, त्याच माणसाबद्दल त्याच दिवशी वाक्य होते: 'तोतया आला.' खरा शाहू अठरा वर्षे कोणी पाहिलेला नव्हता. फोटो नव्हते, पासपोर्ट नव्हता. 'आले' म्हणणारा त्या क्षणी शाहूंचा झाला आणि 'आला' म्हणणारा ताराबाईंचा. परसोजी भोसले हे मोठे सरदार शाहूंबरोबर एका ताटात जेवले, म्हणजे हा भोसलेच आहे अशी सगळ्यांसमोर साक्ष दिली, असे सांगतात. जेवण हीच ओळखपत्रावरची सही.

बरोबर कोण होते? वर्गात हा प्रश्न टाकला की दोन मिनिटांत दोन तट पडतात, खुर्च्यासुद्धा सरकतात. शाहूंचा तट म्हणतो: थोरल्या भावाचा मुलगा तो खरा वारस. लहानपणी पकडले गेले हा काही त्यांचा गुन्हा नव्हे. ताराबाईंचा तट म्हणतो: थोरल्या भावाच्या वेळी राज्य गेले. ते रक्त सांडून परत मिळवले राजाराम महाराजांनी आणि ताराबाईंनी. शाहू तेव्हा औरंगजेबाच्या छावणीत, त्याने दिलेली मनसब घेऊन, वाढत होते. उद्या ते मोगलांचे ऐकणार नाहीत कशावरून? मला विचाराल तर ताराबाईंचे हे म्हणणे आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ वजनदार आहे. पुस्तकांत ते एका ओळीत उरकतात आणि त्यांना 'महत्त्वाकांक्षी' म्हणून मोकळे होतात. हा शब्द पुरुषांना लावला की स्तुती होते, हेही जाता जाता लक्षात घ्या.

क्रिस्टोफर पाओलिनी यांच्या 'एरागॉन'च्या मालिकेतला मुर्ताग आठवा. शत्रूच्या दरबारात वाढलेला, मग शत्रूच्या ताब्यात सापडलेला. त्याच्यावर भरवसा टाकायचा की नाही? तुम्ही त्याच्यासाठी हळहळता, कारण लेखकाने तुम्हाला त्याच्या जवळ नेलेले असते. ताराबाईंच्या जागी बसून बघा. त्यांना शाहूच्या मनातले सांगणारा कोणी लेखक नव्हता.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भीमेकाठच्या खेडजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव. हा तोच धनाजी, ज्याने मोगलांना वर्षानुवर्षे पळवले. शाहूंच्या बाजूने बाळाजी विश्वनाथ त्यांच्याशी बोलले, आणि धनाजी शाहूंना जाऊन मिळाले. ताराबाईंच्याच बाजूचे परशुराम त्रिंबक प्रतिनिधी मात्र लढले आणि हरले. त्याच मैदानावर, त्याच दिवशी दोन माणसांनी दोन वेगळे निर्णय घेतले. धनाजीला फितूर म्हणायचे? त्यांना वाटले असेल की खरा छत्रपती समोर उभा असताना त्याच्यावर तलवार उचलणे हीच फितुरी. प्रतिनिधींना वाटले असेल की जिचे मीठ खाल्ले तिला सोडायचे नाही. शाहूंनी प्रतिनिधींना कैद केले खरे, पण काही वर्षांनी त्यांना पुन्हा मोठ्या पदावर घेतलेही. (याच परिच्छेदात मी धनाजीला एकदा 'ज्याने' आणि एकदा 'त्यांना' म्हटले आहे. का, ते तुम्ही सांगा.)

जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याकडे गेल्या आणि तिकडे कोल्हापूरची दुसरी गादी उभी राहिली. सातारा ते कोल्हापूर अंतर किती? सुमारे १२० किलोमीटर, पाऊणशे मैल. इथून ऑलिम्पियाला जाऊन आणखी थोडे पुढे. एवढ्याशा अंतरात शिवाजी महाराजांच्या दोन नातवांची दोन राज्ये.

पुढे कोल्हापुरात जे झाले ते कुठल्याही कादंबरीत शोभेल. १७१४ साली ताराबाईंची सवत राजसबाई हिने डाव उलटवला. स्वतःचा मुलगा संभाजी याला गादीवर बसवले आणि ताराबाईंना मुलासकट कैदेत टाकले. तो मुलगा १७२६ साली कैदेतच वारला. १७३० साली ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या आणि पुढे साताऱ्यालाच राहिल्या, ज्याला त्यांनी तोतया म्हटले होते त्या पुतण्याच्या आसऱ्याने. १७३१ साली वारणेचा तह झाला आणि वारणा नदी ही दोन राज्यांमधली सीमा ठरली, जशी आपल्याकडे वॉशिंग्टन आणि ऑरेगन यांच्यामध्ये कोलंबिया नदी. वारणा कृष्णेला मिळते तो संगम सांगलीजवळ हरिपूरला आहे. सांगलीकडच्या पालकांनी तो नक्की पाहिला असेल. सुट्टीत गेलात तर मुलांना दाखवा, आणि पाणी कुठल्या राज्याचे ते विचारा.

इथपर्यंत तुमचे मन ताराबाईंकडे झुकले असेल, तर आता सावरून बसा.

१७४९ साली शाहू महाराज वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्या अखेरच्या काळातच सत्तरी ओलांडलेल्या ताराबाई पुढे आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, माझा नातू जिवंत आहे, शत्रूच्या भीतीने मी त्याला लपवून वाढवले आहे. हाच रामराजा. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याला साताऱ्याच्या गादीवर बसवले गेले. मग ताराबाईंनी त्याला सांगितले की नानासाहेब पेशव्यांना दूर कर. त्याने ऐकले नाही. नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि जाहीर केले की हा माझा नातू नाहीच, हा तोतया आहे. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात पेशव्यांशी समेट झाला, तेव्हाही शपथेवर त्यांनी तेच सांगितले.

आता हिशेब करा. रामराजा तोतया असेल, तर आधी ताराबाई खोटे बोलल्या आणि सगळ्या राज्याला फसवले. तो खरा असेल, तर देवासमोर खोटी शपथ घेऊन त्यांनी सख्ख्या नातवाला नाकारले. दोन्ही वेळा त्या खरे बोलल्या असे होऊच शकत नाही. आणि तो बिचारा रामराजा? खरा असो की खोटा, १७७७ साली मरेपर्यंत तो नावापुरता छत्रपती राहिला.

ताराबाई १७६१ च्या डिसेंबरमध्ये वारल्या, शहाऐंशी वर्षांच्या होऊन. त्याच वर्षीच्या जानेवारीत पानिपत झाले होते, तेही त्यांनी पचवले.

तर आता म्हणा, ताराबाई 'वारली' की 'वारल्या'? औरंगजेबाशी झुंजलेली पंचविशीतली राणी आणि नातवाला कोंडून ठेवणारी म्हातारी एकच. अर्धी गोष्ट 'त्या' आणि अर्धी 'ती' अशी सांगता येत नाही, ऐकणाऱ्याला वाटेल दोन बायका आहेत. मी शेवटपर्यंत 'त्या' ठेवले आहे. पण 'त्या' म्हटल्यावर किल्ल्यातली ती कोठडी सांगताना माझा आवाज नकळत खाली येतो, हे तुम्ही वर्गात पाहालच.

पालकांसाठी थोडेसे. आपली मुले मराठी ऐकतात ती घरातल्या दोघांकडून आणि फोनवरच्या आजी-आजोबांकडून. त्यामुळे 'आजोबा आला' असे त्यांच्या तोंडून निघते आणि फोनच्या पलीकडे आजोबा हसून सोडून देतात. शिष्टाचार म्हणून दुरुस्त कराच, पण माझी काळजी वेगळी आहे. 'आला' आणि 'आले' यांतला फरक ज्याच्या कानाला कळत नाही, त्याला गोष्ट सांगणाऱ्याने आधीच बाजू घेतली आहे हेही कळत नाही. भाषणात, पुस्तकात, सिनेमात कोणाला 'तो' म्हटले आणि कोणाला 'ते', यावर अर्धे मत बनून जाते. घरी एकदा 'औरंगजेब आले' असे मोठ्याने म्हणून पाहा. तुमची जीभ अडखळेल. ती का अडखळते, हे मुलांशी बोलायला चांगला विषय आहे.

शिवाय आपण घरी बहुतेक राज्याभिषेकापर्यंतचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो. मराठे मराठ्यांशी लढले हे सांगायला संकोच वाटतो. पण ही मुले अटोलियाच्या राणीला समजून घेत आहेत. ताराबाई त्यांना झेपतील.

गृहपाठ. धनाजी जाधव खेडच्या मैदानावर शाहूंना मिळाले, तो प्रसंग दोन वेळा लिहा, प्रत्येकी आठ ओळी. पहिल्यांदा शाहूंच्या छावणीतल्या शिपायाने सांगितल्यासारखा आणि दुसऱ्यांदा ताराबाईंच्या. 'फितूर', 'तोतया', 'वारस' आणि 'निष्ठा' हे चारही शब्द दोन्हीकडे आले पाहिजेत. कोणाला 'आला' आणि कोणाला 'आले' ते जपून ठरवा, आणि टिंबे विसरू नका.

ज्यांना आणखी लिहायचे आहे त्यांच्यासाठी. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) ही कादंबरी तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात असेल, आईबाबांना विचारा. तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, कृष्ण हे सगळे आपापली बाजू स्वतःच सांगतात, म्हणजे 'मी' म्हणून. 'मी' म्हटले की 'ती' आणि 'त्या'चा प्रश्नच मिटतो. तशी एक पानभर गोष्ट लिहा: जेजुरीच्या पायऱ्या चढताना ताराबाई. डोली वापरली की नाही ते तुम्ही ठरवा. देवळात पोचायच्या आत त्यांना काय बोलायचे ते ठरवायचे आहे, आणि रामराजा खरा आहे की खोटा हे त्यांना, फक्त त्यांनाच, माहीत आहे. राणी स्वतःला 'मी' म्हणेल की 'आम्ही', हेही ठरवावे लागेल. वह्या पुढच्या रविवारी.